विचार करून चालणारी म्हैस

टॅब्लेटवर काम करायला बसले त्या पहिल्याच दिवशी मी एका म्हशीचं शिंग खोडलं आणि सवयीनं स्क्रीनवर फुंकर मारली. खोडरबराचा चुरा उडवायला. आता चुरा कुठला? खोडरबरच नव्हता. शेजारी बसणाऱ्या मुलीनं ते पाहिलं आणि तोंड फिरवून हसली. मी तिला म्हटलं, "हँसो, हँसो, खुल के हँसो." मग ती खरंच मोकळी हसली, तिच्या मागचे दोघेही हसले, आणि मला इतका राग आला की मी पुन्हा एकदा फुंकर मारली. मुद्दाम.

मला राग लवकर येतो हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्याचा संबंध आहे. आमच्या घरी माझ्या रागाला कुकर म्हणतात. शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करायचा, हे माझ्या नवऱ्यानं आमच्या मुलीला ती बोलायला लागली तेव्हाच शिकवून ठेवलं होतं. दोघं मिळून इतकी वर्षं गॅस बंद करत आले आणि मला पत्ता नव्हता.

मी मूळची मिरजेची. नवरा केंद्र सरकारच्या एका खात्यात, त्यामुळे लग्न होऊन थेट आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आले ती इथलीच झाले. चित्रं काढायचा नाद होता, तोच पुढे पोटापाण्याचा धंदा झाला. नोएडात एक छोटा स्टुडिओ आहे, तिथे लहान मुलांसाठी फिल्म बनतात. हात धुवा, रस्ता नीट ओलांडा, कचरा डब्यात टाका, असल्या. चित्र चालवायचं म्हणजे थोडी थोडी बदलत जाणारी पुष्कळ चित्रं काढायची आणि ती भराभर एकामागून एक दाखवायची, एवढंच काय ते. एवढंच म्हणते खरी, पण त्यात मान मोडते. ही सगळी चित्रं मी आयुष्यभर कागदावर काढली, पेन्सिलीनं. आणि मग एका सोमवारी सरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की आजपासून कागद बंद.

सर म्हणजे आमच्या स्टुडिओचे मालक. माझ्यापेक्षा वयानं बरेच लहान, पक्के दिल्लीवाले, मनानं चांगले. वाईट बातमी द्यायची असली की आधी समोसे मागवतात. त्या दिवशी सकाळी समोसे आले तेव्हाच मी ओळखलं होतं. एकेकानं समोसा हातात घेतल्यावर ते म्हणाले की आता सगळं कॉम्प्युटरवर होणार, लाइटचं टेबल वगैरे खाली गोडाऊनमध्ये जाणार, आणि मैम, आपकी भैंस भी कंप्यूटर पे. माझा समोसा हातातच राहिला.

ही म्हैस म्हणजे माझं सगळं नाव आहे. रस्ता ओलांडायच्या फिल्मसाठी मी ती काढली होती. गाड्या थांबतात, सिग्नल लाल होतो आणि ती रस्त्यावरून चालत जाते, बस. पण चालताना मध्येच तिचं मागचं अंग हलकंसं खाली दबतं. बसू की जाऊ, असा तिला जणू प्रश्न पडतो. मग जाऊ दे, जाऊच, असं ठरवून ती पुढे निघते. पुढच्या पावलांना पुन्हा तेच. सरांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खुर्चीतून उठून ओरडले होते, "अरे यार, ये भैंस तो सोच के चलती है!" ज्यांच्यासाठी फिल्म केली त्यांना ती इतकी आवडली की मग हात धुवायलाही म्हैस आली आणि कचरा टाकायलाही म्हैसच आली. चालीचं असं असतं की एकदा दोन्ही पावलांची चित्रं झाली की तीच तीच फिरवून वापरायची असतात. त्यामुळे तिचं ते थबकणं प्रत्येक फिल्ममध्ये जसंच्या तसं गेलं.

लोक विचारायचे, ही चाल सुचली कशी? मी सांगायचे की मिरजेला आमच्या गल्लीत गवळी दारात म्हैस आणून दूध काढायचा, मी पायरीवर बसून तासन् तास तिच्याकडे बघत असे. हे मी इतक्यांदा सांगितलं की पायरीवरचं ऊनसुद्धा मला आठवायला लागलं. कोपर्निकस मार्गावर मराठी मंडळींचा एक कार्यक्रम होता, तिथे स्टेजवरूनही सांगितलं. टाळ्या पडल्या. आणि मिरजेचे एक काका उठून म्हणाले की ती म्हैस त्यांना चांगली आठवते.

तर आता ही म्हैस कॉम्प्युटरवर न्यायची होती. नवीन फिल्म मिळाल्या होत्या, पण समोरच्यांची अट एकच होती की म्हैस तीच पाहिजे आणि चाल तीच पाहिजे. होळीच्या आत चालीचा नमुना दाखवायचा. तो पटला नाही तर कॉम्प्युटरमध्ये तयार मिळणारा एक ससा होता, तो घेणार होते. माझ्याकडे मग दुसऱ्यांच्या चित्रांच्या रेघा साफ करायचं काम. ससा! गुलाबी कानांचा, रेडिमेड! म्हशीच्या जागी! त्या सशाचं चित्र पाहिलं आणि माझं टाळकंच सटकलं.

कॉम्प्युटरवर म्हैस चालवायची पद्धत अशी की आधी तिचे तुकडे करतात. पाय वेगळे, शेपूट वेगळी, कान वेगळे, पोट वेगळं. मग ते सांध्यांशी जोडून कठपुतळी बनवतात, तिला ते rig म्हणतात. आपण पाय इथून इथे ठेवायचा, मधली सगळी चित्रं कॉम्प्युटर भरतो. मला आधी हे ऐकूनच कसंतरी झालं. हे तुकडे करायचं काम त्या हसणाऱ्या मुलीकडे होतं. बरेलीची, कामात हुशार, आणि हसण्याचं सोडलं तर माझ्याशी फार अदबीनं वागायची. तिनं माझी जुनी स्कॅन केलेली चित्रं घेतली, त्यांवरून म्हैस कापली, जोडली आणि दोन दिवसांत मला चालवून दाखवली.

म्हैस चालली. लोण्यावरून चालावी तशी चालली. कुठे अडखळणं नाही, धक्का नाही. मला वाटलं, अगंबाई, किती सोपं. सर आले, हाताची घडी घालून बघत राहिले आणि म्हणाले, "मैम, चल तो रही है... पर सोच नहीं रही."

आता म्हशीला विचार करायला लावायचं म्हणजे काय करायचं? मला कोणी सांगेल का? मी तिच्या पापण्या मिटवून पाहिल्या, ती पेंगायला लागली. कान हलवले तर माश्या हाकलतेय असं दिसलं. चाल हळू केली तर आजारी वाटली. मागचं अंग दबतं हे मलाही दिसत होतं, म्हणून मी तेही दाबून पाहिलं. पण कुठे, किती, कधी? जरा जास्त झालं की ती सरळ दारू पिऊन चालायची. जुनी फिल्म लावली की तिथे ती मस्त विचार करत जायची, आणि नेमकं कुठे ते बघायला फिल्म थांबवली की विचार गायब. थांबवलेलं प्रत्येक चित्र बरोबर. चालवलं की विचार, थांबवलं की नुसती म्हैस. माझं डोकं पार चक्रावून गेलं.

मी त्या मुलीला विचारलं, "तुमने कुछ बदला तो नहीं?"

"नहीं मैम, बिल्कुल as it is."

शेवटी म्हटलं, खरी म्हैस बघू. नोएडात सेक्टरांच्या मधे मधे अजून जुनी गावं अडकलेली आहेत, तिथे गोठे आहेत. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ई-रिक्षा करून आम्ही दोघी एका गोठ्यावर गेलो. संध्याकाळी म्हशी सोडेपर्यंत कोण थांबणार म्हणून मी गोठेवाल्याला विनंती केली की जरा यांना चालवून दाखवा. तो म्हणाला, "दूध लेना है?" म्हटलं, नको, चाल बघायची आहे. त्यानं माझ्याकडे अशी नजर टाकली की काही विचारू नका. पण सोडल्या बिचाऱ्यानं म्हशी. त्या पाण्याकडे गेल्या, परत आल्या. पुन्हा गेल्या. एकीनंही विचार केला नाही. सरळ, संथ, कॉम्प्युटरवरच्या म्हशीसारख्या चालल्या. ती मुलगी मला म्हणाली, "मैम, असली वाली तो हमारी rig जैसी है."

संध्याकाळी घरी येताना मेट्रोत बसून मी मिरजेला मोठ्या भावाला फोन लावला. म्हटलं, "दादा, आपल्या गल्लीतली ती गवळ्याची म्हैस आठवते का रे? चालताना थबकायची बघ."

"कसली म्हैस?"

"अरे, दारात आणून दूध काढायचा की तो."

"काहीतरीच काय बोलतेस? गवळी सायकलवरनं यायचा. दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेले असायचे. म्हैस कधी आली होती दारात?" मग त्यानं विचारलं, "बरी आहेस ना?"

बरी होते की नाही मला माहीत नव्हतं. फोन ठेवल्याबरोबर मला ती सायकल लख्ख आठवली. कॅनची झाकणं वाजायची, तेही आठवलं. मग पायरीवरचं ऊन कुठून आलं होतं? आणि मिरजेच्या त्या काकांना कोणती म्हैस आठवली होती? खऱ्या म्हशी अशा चालत नाहीत, मिरजेत म्हैस नव्हती, मग मी काढलं काय होतं? माझ्या हातून आलेली माझी एकुलती एक मोठी गोष्ट, आणि ती कुठून आली हेच मला सांगता येत नव्हतं. आर. के. पुरम स्टेशन येऊन गेलं आणि मी पुढच्या स्टेशनावर उतरून परत आले.

घरी नवऱ्यासमोर सगळं ओकले. त्यांच्या ऑफिसातही फायली कॉम्प्युटरवर गेल्या होत्या, त्यामुळे त्यांची सहानुभूती मिळत होती. ते स्वतः अजून माऊसचं चाक फिरवायच्या आधी बोट जिभेला लावायचे. सगळं ऐकून ते म्हणाले, "अगं, मूळ कागद बघ की. झेरॉक्सवर शंका आली की आम्ही ओरिजिनल मागवतो." सरकारी माणूस. पण म्हणणं बरोबर होतं. मूळ कागद दिवाणाच्या पोटात होते, ब्लँकेटांच्या खाली.

रविवारी सकाळी ते खाली लॉनवर उन्हात बसायला गेले आणि मी कागद काढले. ही म्हैस मी घरीच काढली होती, मुलगी तेव्हा जेमतेम चालायला लागली होती म्हणून. बाल्कनी काचा लावून बंद केलेली आहे, तिथे मुनिरक्याच्या सुताराकडून एक टेबल करून घेतलं होतं. मधे काच, काचेखाली ट्यूबलाइट, म्हणजे वरच्या कागदातून खालचं चित्र दिसतं. आणि काचेच्या खालच्या कडेला डोकी उडवलेले दोन जाड खिळे. कागद हलू नयेत म्हणून प्रत्येकाला खालून दोन भोकं पाडून ते त्या खिळ्यांत बसवायचे. मोठ्या स्टुडिओत याला खास मशीन असतं, आमच्याकडे नवऱ्याचं फायलीला भोकं पाडायचं पंचिंग मशीन होतं. खिळे त्याच्याच मापानं ठोकलेले, स्टुडिओत चित्रं स्कॅन व्हायची तिथेही.

टेबलावरच्या पापड-कुरडयांचे डबे हलवले, कागद खिळ्यांवर चढवले, एकेक बोट मधे घालून वरचे कागद भराभर पाडले. कागदावर काम करणारे सगळे असंच बघतात. अहो, केला की तिनं विचार! माझ्या तोंडून "हात्तिच्या!" असं मोठ्यानं निघालं. पुन्हा पाडले, पुन्हा दबली. मग मी तेच कागद खिळ्यांवरून काढले, पत्ते ठोकतात तसे कडा जुळवून सारखे केले आणि हातातच पाडून पाहिले. लोणी. साफ लोणी. खिळ्यांवर चढवले की विचार, हातात घेतले की काही नाही.

मग भोकं पाहिली. दोन्ही पावलांच्या चित्रांत मिळून थोडेच कागद होते, ज्यांचं डावं, म्हणजे शेपटीच्या बाजूचं भोक कडेपर्यंत फाटलेलं होतं. त्यावर खाकी कागदाची पट्टी चिकटवलेली. ब्लेडनं कापलेली, अगदी सरळ, चारी कोपरे नीट, डिंक कुठे बाहेर आलेला नाही. आणि तिच्यावर नवीन भोक, गोल, जुन्या जागेपासून जरासं आत. जरासंच. पण त्यामुळे खिळ्यावर चढवताच तो कागद मागच्या बाजूनं खाली सरकायचा, आणि त्यावरची म्हैस मागे दबायची. पुढचा न फाटलेला कागद आला की पुन्हा सरळ. एवढाच तिचा विचार. ती पट्टी मी लावलेली नव्हती. मला डिंक कधी न सांडता लावता आलेला नाही.

मी तिथेच खाली फरशीवर बसले. हसू की रडू ते कळेना. खरंच कळेना.

तेवढ्यात नवरा संत्री घेऊन वर आला. माझ्या हातात पट्टीवाला कागद, मी खाली बसलेली. त्यांचा चेहरा एकदम उतरला. पिशवी तशीच हातात धरून ते म्हणाले, "सापडलं होय? अगं, लहान होती ती. तिला काय कळतंय?"

"कोणाला? काय?"

"तू भाजीला गेली होतीस. माझं लक्ष जरा पेपरात होतं. तिनं टेबलापाशी उभं राहून कागद धरले आणि ओढले, खिळ्यांवरनं टराटरा. दुसऱ्या दिवशी तुला ते नोएडाला द्यायचे होते. तू घरात आली असतीस तर..." कुकर. "म्हणून मी पट्टी मारून ठेवले. तू आलीस, पिशवीत भरलेस, गेलीस. मला वाटलं सुटलो."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"तू विचारलं नाहीस." मग जरा चाचरत, "आता इतक्या वर्षांनी ओरडणार आहेस का?"

मी ओरडणार नव्हते. मला भलताच प्रश्न पडला होता. "तुमचा पंच वाकडा पडला होता का?"

एवढा वेळ अपराध्यासारखा उभा असलेला माणूस एकदम ताठ झाला. "वाकडा? माझा पंच वाकडा पडत नाही. फाटलेल्या भोकावर पुन्हा त्याच जागी भोक पाडायचं नसतं, पुन्हा फाटतं. पट्टी मारायची आणि भोक थोडं आत घ्यायचं, मग धरून राहतं. रेकॉर्ड सेक्शनला होतो तेव्हा पहिली गोष्ट हीच शिकलो. मोजून घेतलंय ते."

मोजून घेतलंय! मी त्यांना खिळ्यांवर कागद चढवून दाखवले. बोटं घालून म्हैस चालवली. हे बघा, इथे ती दबते, ही तुमची पट्टी. लोक ज्याला विचार म्हणतात तो हा. त्यांनी दोनदा पाहिलं, तीनदा पाहिलं. त्यांचा चेहरा आणखीच पडला. "म्हणजे मी तुझी म्हैस बिघडवली?"

"बिघडवली नाही हो!"

"मग?"

"मग काय, तेच मला कळत नाहीये," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं. ते बिचारे पिशवी खाली ठेवून संत्रं सोलायला लागले. म्हैस मी काढली हे खरं, प्रत्येक रेघ माझी. पण लोकांना आवडली ती रेघ नव्हेच. त्यांना आवडलं ते माझ्या पोरीनं ओढलेलं, माझ्या नवऱ्यानं सांधलेलं आणि माझ्या धास्तीनं लपवून ठेवलेलं. मग ती म्हैस कोणाची? आणि मी त्या सगळ्यांना मिरजेचं ऊन सांगत बसले होते. ते संत्रं मी खाल्लं, आंबट होतं.

सोमवारी त्या मुलीला पट्ट्या लावलेले कागद दाखवले. ती म्हणाली, "अच्छा, ये वाली! मैम, ये तो scan में हिली हुई थीं. मैंने सीधी कर दीं." तिला ते बदलणं वाटलंच नव्हतं. मलाही वाटलं नसतं, कुठलंही शहाणं माणूस वाकडं दिसलं की सरळ करतंच. आम्ही दोघींनी मिळून कागदावर पट्टी मोजली आणि तेवढ्याच चित्रांत म्हशीचं मागचं अंग तितकंच खाली घेतलं. कॉम्प्युटरमध्ये चालीची एक रेघ दिसते, छान वळणदार. आमच्या म्हशीमुळे तिच्यात दात उगवले. "Smooth कर दूँ?" तिनं विचारलं, बोट बटणावर. मी म्हटलं, "खबरदार!" हे हिंदीतही तेच असतं, ती लगेच थांबली.

होळीच्या आत नमुना गेला. चार दिवसांनी सकाळी समोसे आले. ससा, मी मनात म्हटलं, झाला ससा. सर मध्ये उभे राहिले आणि ओरडले, "सोच रही है! उन्होंने कहा, वही है, बिल्कुल वही!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हैस राहिली, मी राहिले. सर म्हणाले, "मैम, वो मिरज वाला magic कंप्यूटर में भी आ गया!" मी म्हटलं, "सर, मिरज में भैंस थी ही नहीं." त्यांना तो विनोद वाटला. खूप हसले. मग म्हणाले की आता म्हशीला एक पिल्लू पाहिजे. आईची चाल नको, त्याची स्वतःची. "कुछ अपना डालिए, जैसे इसमें डाला था."

मुलगी सध्या पुण्याला शिकायला आहे. तिला फोनवर सांगितलं की आता रेडकू करायचंय. ती म्हणाली, "आई, रेडकू म्हणजे?" म्हटलं, म्हशीचं पिल्लू गं. "अच्छा, बछडा! मग तसं बोल ना यार." लहानपणी तिनंच ते कागद फाडले हे मी सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे पिक्चरमध्ये माझं नाव पाहिजे." तिला सगळं सोपं आहे.

रेडकू मी काढलं. दिसायला गोड झालं आहे, पाय लांब, गुडघे मोठे. चाललंही, लोण्यावरून. त्यात मी काय घालू? मागून दाबलं तर आईची नक्कल होते. पुढून दाबलं तर ठेच लागल्यासारखं वाटतं. मुद्दाम वाकडं केलं की ते मुद्दाम वाकडं केलेलंच दिसतं. आवडलं नाही तर एक बटण दाबायचं आणि सगळं पहिल्यासारखं, जसं काही घडलंच नव्हतं. दिवसभर मी वाकडं करते आणि बटण दाबते. ती मुलगी आता हसत नाही, मधूनच चहा आणून ठेवते.

काल संध्याकाळी लॅपटॉप घरी आणला. नवरा चहा घेत होता. मी त्यांच्या पुढ्यात लॅपटॉप ठेवला आणि म्हटलं, "अहो, जरा बघा हो हे." त्यांनी कप बाजूला ठेवला, हात रुमालाला पुसले, चष्मा लावला आणि वाकले. रेडकू चालत होतं, एका कडेकडून दुसऱ्या कडेला, परत पहिल्यापासून. त्यांनी ते पाहिलंच नाही. त्यांनी स्क्रीनच्या खालच्या कडेवरून अंगठा फिरवला, डावीकडून उजवीकडे, सावकाश, मग वर बघून मला विचारलं, "कुठे फाटलंय?"

"कुठेच नाही," मी म्हटलं.

"मग मी काय करू?"